पाटी नवी, हाळी जुनी

कुठल्याही गावात जा आणि विचारा, तुमच्या गावाचं नाव कुठून आलं? गोष्ट लगेच मिळते. पुरावा मागितला की चहा मिळतो.

गोष्टींमधला पहिला मानकरी राक्षस. कोल्हापूर म्हणजे कोल्हासुराचं पूर. देवीनं त्याला मारलं आणि त्यानं मरता मरता वर मागितला, या जागेला माझं नाव द्या. देवीनं दिलं. नामांतराचा हा बहुधा आपल्याकडचा पहिला अर्ज. ना समिती, ना हरकती-सूचना. जागेवर मंजूर.

गंमत पाहा, मारणाऱ्याचं नाव गावाला पडत नाही, मरणाऱ्याचं पडतं. म्हैसूरला महिषासुराचं नाव आहे, आणि चामुंडी टेकडीवर त्याचा रंगीत पुतळा तलवार परजून उभा आहे. पर्यटक फोटो कुणाबरोबर काढतात, हे सांगायला नकोच.

राक्षस हाताशी नसेल तर अंकगणित. सांगली म्हणजे सहा गल्ल्या. सोलापूर म्हणजे सोळा गावं. साताऱ्याचे सात डोंगर की सतरा बुरूज-दरवाजे, यावर खुद्द सातारकरांचंही एकमत नाही. नाशिककरांनी तर दोन्ही सोयी करून ठेवल्यात. भाविक असाल तर शूर्पणखेचं नाक घ्या, हिशेबी असाल तर नऊ शिखरं घ्या. गिऱ्हाईक रिकाम्या हातानं परत जात नाही.

सोलापूरच्या सोळा गावांची यादी मागून बघा. यादी आहे! आदिलपूर, अहमदपूर, फतेहपूर, राणापूर, सोनापूर असं करत करत यादीत एक नाव येतं: सोलापूर. म्हणजे सोळा गावं मिळून सोलापूर झालं, पण व्हायच्या आधीच त्यात एक सोलापूर होतं.

बाराव्या शतकातल्या शिलालेखांत या गावाचं नाव सोन्नलगे असं आहे. सिद्धरामेश्वरांचं सोन्नलगे. त्यात सोळाही नाहीत आणि पूरही नाही. पण शिलालेख वाचायला कष्ट पडतात, सोळापर्यंत सगळ्यांनाच मोजता येतं.

खरं कारण बहुतेक वेळा इतकं साधं असतं की ते सांगायला गावालाच संकोच वाटतो. वड होता म्हणून वडगाव. पिंपळ होता म्हणून पिंपळगाव. बोरीवरून बोरगाव आणि बोरिवली, चिंचेवरून चिंचवड आणि चिंचोली, बाभळीवरून बाभुळगाव, जांभळीवरून जांभूळवाडी. निम्मा महाराष्ट्र वनखात्याच्या यादीतून आल्यासारखा दिसतो. ना राजा, ना ऋषी, ना पांडवांचा मुक्काम.

म्हणून तर पिंपळगावच्या नावासाठी कुणी रस्त्यावर येत नाही. पिंपळाला मतदारसंघ नसतो.

एकाच नावाची गावं इतकी झाली की त्यांना आडनावं द्यावी लागली. पिंपळगाव बसवंत, पिंपळगाव जोगा, पिंपळगाव हरेश्वर. आणि जिथं आडनावही सुचलं नाही तिथं बुद्रुक आणि खुर्द. दोन्ही शब्द फारसी. बुजुर्ग म्हणजे थोरलं, खुर्द म्हणजे धाकटं. गावागावांच्या शेपटाला बादशाही कारभार अजून लटकलेला आहे आणि शुद्धीकरणाच्या सगळ्या मोहिमा त्याला बगल देऊन जातात. कारण उघड आहे. बुद्रुक हा शब्द इतका गावरान वाटतो की तो परका आहे हे कुणाच्या लक्षातच येत नाही.

आता मुंबई.

मुंबईचं नाव 1995 मध्ये बदललं, असं म्हणतात. कुणाचं बदललं? मराठी माणूस आधीही मुंबईच म्हणत होता. गुजरातीही मुंबईच म्हणत होता. कोळ्यांची मुंबादेवी तर इथं कधीचीच बसलेली. बदललं ते फक्त इंग्रजीत. जल्लोष मात्र मराठीत झाला.

त्यातही एक हुशार मंडळी आहेत. ती सांगतात, बॉम्बे हे पोर्तुगीजांच्या 'बोम बाईया'वरून आलं, म्हणजे चांगला उपसागर. ऐकायला छान आहे. अडचण एवढीच की पोर्तुगीज भाषेत बाईया स्त्रीलिंगी. तिला 'बोआ' लागतं, 'बोम' नाही. म्हणजे पोर्तुगीज अर्धं जग ओलांडून आले आणि नाव ठेवायच्या दिवशी स्वतःचंच व्याकरण विसरले?

इंग्रजांचा कान तर त्याहून तयार. स्थानिकांच्या तोंडचं पालवा बंदर साहेबाच्या एका कानात शिरलं आणि दुसऱ्यातून अपोलो होऊन बाहेर पडलं. आपला धक्का, त्यांचा ग्रीक देव.

भेंडी बाजाराचंही तसंच. क्रॉफर्ड मार्केटच्या मागचा भाग म्हणून साहेब 'बिहाइंड द बाजार' म्हणायचा, त्याचं झालं भेंडी बाजार, अशी गोष्ट मोठ्या कौतुकानं सांगितली जाते. तिथं भेंडीची झाडं होती, हे दुसरं कारण. कुठलं जास्त खपतं? अर्थात इंग्रजी. झाडाला विचारतो कोण?

मार्च 2024 मध्ये राज्य मंत्रिमंडळानं मुंबईतल्या रेल्वे स्थानकांची ब्रिटिशकालीन नावं बदलायचं ठरवलं. करी रोडचं लालबाग, सँडहर्स्ट रोडचं डोंगरी, डॉकयार्ड रोडचं माझगाव. हरकत नाही. करी कोण आणि सँडहर्स्ट कोण, याची रोज लटकून जाणाऱ्याला काय पडली आहे? पण त्याच यादीत चर्नी रोडही आहे, त्याचं गिरगाव व्हायचं आहे. आता चर्नी म्हणजे गुरांची चरणी, असं मुंबईचा इतिहास लिहिणारे सांगतात. काही जण ते ठाण्याच्या चेंदणीशी जोडतात. दोन्हीकडे साहेबाचा पत्ता नाही.

म्हैस ब्रिटिश कधीपासून झाली?

आणि नाव दिलं तरी पुढं काय होतं? व्हीटीचं 1996 मध्ये छत्रपती शिवाजी टर्मिनस झालं. लोकांनी सीएसटी केलं. 2017 मध्ये 'महाराज' जोडलं. लोकांनी आणखी एक अक्षर जोडून सीएसएमटी केलं. पुण्यात जंगली महाराजांचा रस्ता जेएम झाला, मुंबईत स्वामी विवेकानंदांचा एसव्ही. नाव जितकं आदरानं लांबवावं तितकी आद्याक्षरं जवळ येतात.

यात कळस गाठला पिंपरी-चिंचवडनं. पिंपरीत पिंपरण होती, चिंचवडात चिंच होती. आता तिथले नवे रहिवासी अभिमानानं सांगतात, आम्ही पीसीएमसीत राहतो. पीसीएमसी म्हणजे महापालिका! माणसं गावात राहायची सोडून कार्यालयात राहायला लागली. मेट्रोनंही मग लाज सोडून स्थानकाचं नाव पीसीएमसी ठेवलं. दोन झाडं होती, तीही आद्याक्षरांत गेली.

पुणेकरांचा खाक्या निराळा. ते आद्याक्षरं करत नाहीत, ते ऐकतच नाहीत. लाकडी पुलात लाकडाचा एक तुकडा नाही. त्याचं अधिकृत नाव छत्रपती संभाजी पूल. पुणेकर त्यावरून लाकडी पूल म्हणतच जातो. पलीकडचा नवा पूल 1923 चा. शंभरी उलटली तरी नवाच. जिलब्या मारुती, खुन्या मुरलीधर, उपाशी विठोबा, गुपचूप गणपती ही नावं कुठल्या ठरावानं ठेवली? देवांची ही कथा, तिथं नगरसेवकांच्या ठरावांचं काय?

नावं बदलायची हौस औरंगजेबाइतकी कुणालाच नसेल. सिंहगडाचं त्यानं बक्षिंदाबक्ष केलं. राजगडाचं नबीशाहगड. साताऱ्याच्या किल्ल्याचं आझमतारा. नातू पुण्यात वारला म्हणून पुण्याचं मुहियाबाद. फौज होती, फर्मान होतं, शिक्के होते, हौसेला मोल नव्हतं. बादशहा 1707 मध्ये गेला. त्यातलं एक तरी नाव तुम्ही कधी तिकिटावर वाचलंय?

टिकलं ते एकच. औरंगाबाद. तेही ठेवलं शहाजादा असताना.

त्या शहराची जन्मपत्रिका वाचण्यासारखी आहे. 1610 मध्ये खडकीला शहर वसवलं मलिक अंबरनं. गुलाम म्हणून हबशाणातून आलेला हा माणूस निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला. त्याच्या मुलानं, फतेहखानानं, 1626 मध्ये त्याचं फतेहनगर केलं. 1653 मध्ये औरंगजेब सुभेदार म्हणून आला आणि फतेहनगरचं औरंगाबाद झालं. 1988 मध्ये बाळासाहेब ठाकरे यांनी संभाजीनगर जाहीर केलं. 1995 च्या युती सरकारनं अधिसूचना काढली, पुढच्या सरकारनं ती मागं घेतली. मग 29 जून 2022 ला उद्धव ठाकरे यांच्या मंत्रिमंडळानं, उठता उठता, संभाजीनगरचा ठराव केला. 16 जुलैला नव्या सरकारनं तोच ठराव पुन्हा केला, पुढं 'छत्रपती' लावून. रस्त्याचं रुंदीकरण वर्षानुवर्षं रखडतं. नावाचं सतरा दिवसांत झालं.

या सगळ्या माळेत पाणी आणलं ते एकट्या मलिक अंबरनं. दूरवरून खापराच्या नळांतून, जमिनीखालून. त्या नहरीला त्याचं नाव आहे, शहराला कधीच मिळालं नाही. आज तिथल्या नळाला किती दिवसांनी पाणी येतं, हे तिथल्या एखाद्या गृहिणीला विचारा. शहराचं नाव काय, हे मात्र त्याच वेळी विचारू नका. हातात रिकामी घागर असते.

या नामांतराविरुद्ध याचिका झाल्या. मे 2024 मध्ये न्यायालयानं त्या फेटाळल्या आणि नाव बदलणं कायद्याला धरून आहे असा निर्वाळा दिला.

कुठल्या न्यायालयानं? बॉम्बे हायकोर्टानं.

हायकोर्टांची नावं बदलण्याचं विधेयक 2016 मध्ये लोकसभेत मांडलं होतं. ते तिथंच विरलं. कोलकात्यात अजून कलकत्ता हायकोर्ट, चेन्नईत अजून मद्रास हायकोर्ट. वकिलांची फी मात्र सगळीकडे नव्या दरानं.

संभाजीनगरच्या सुमारासच उस्मानाबादचं धाराशिव झालं. तिथं फार घाम गाळावा लागला नाही. सातव्या निजामाचं, उस्मान अलीचं नाव कागदावर होतं, आजूबाजूच्या खेड्यांतली म्हातारी माणसं धाराशिवच म्हणत होती. तिकडं इस्लामपूरचं 2025 मध्ये ईश्वरपूर करायचं ठरलं. शेवटचं पूर तसंच, इंग्रजी पाटीवर पहिली दोन अक्षरंही तीच. रंगाऱ्याचा किती खर्च वाचला!

आणि नगर. अहमद निजामशहानं 1494 मध्ये वसवलेलं अहमदनगर 2024 मध्ये अहिल्यानगर झालं. अहिल्याबाईंचा जन्म याच जिल्ह्यातल्या चौंडीचा, तेव्हा नाव देण्यात अनाठायी काही नाही. पण पुण्याच्या एसटी स्टँडवर दोन मिनिटं उभे राहा. पाटीवर अहिल्यानगर. कंडक्टरची हाळी काय? 'नगर, नगर, नगर!'

नगरकरानं आधी अहमद गिळला, आता अहिल्या गिळतो. सर्वधर्मसमभावाचं इतकं सरळ उदाहरण दुसरं मिळणार नाही.

उल्हासनगरची तऱ्हा आणखी निराळी. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांची कल्याणजवळची ही छावणी. 1949 मध्ये तिचं नाव ठेवलं उल्हासनगर. नाव शेजारच्या उल्हास नदीचं, पण घरदार टाकून आलेल्यांच्या छावणीला उल्हास? लोकांनी नाव स्वीकारलं आणि पत्ता जुनाच ठेवला. कॅम्प नंबर तीन, कॅम्प नंबर चार. आजही रिक्षावाल्याला तेच सांगावं लागतं.

एके काळी गावाला नाव पडायचं ते कुणीतरी काहीतरी उभं केल्यावर. 1910 मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानात, कुंडलजवळच्या माळावर, निवडुंग तोडून कारखाना आणि वस्ती उभी केली. मग ती किर्लोस्करवाडी झाली. वालचंदनगरचंही तसंच, आधी ऊस, मग नाव. आता क्रम उलटा. आधी होर्डिंगवर नाव येतं: अमुक सिटी, तमुक काउंटी, न्यू अलाणं, अप्पर फलाणं. गाव मागून येतं, आलं तर. लोअर परळला राहायला कमीपणा वाटतो म्हणून ब्रोशरमध्ये त्याचं अप्पर वरळी होतं. जमीन तीच, गटार तेच, फक्त चौरस फुटाचा भाव वर चढतो.

या नव्या गावांना शिवार नसतं, वेस नसते, जत्रा नसते. स्टेशनपासून 'पाच मिनिटांवर' एवढीच काय ती त्यांची दंतकथा. तिलाही पुरावा नाही.

तर सरकारनं कितीही पाट्या रंगवाव्यात, शेवटी लोकांची जीभच जिंकते. टाळ्या? जरा थांबा.

डिसेंबर 2020 मध्ये राज्य मंत्रिमंडळानं जातीवरून पडलेली वस्त्यांची नावं बदलायचा निर्णय घेतला. समतानगर, भीमनगर, शाहूनगर, क्रांतीनगर असं काही म्हणा, असं सुचवलं. पाट्या लागल्या. आता एखाद्या गावात पारावर बसलेल्यांना विचारा, समतानगर कुठं आहे? ते एकमेकांकडं बघतात. मग एकाला उमगतं आणि तो जुनं नाव घेऊन हात दाखवतो. तीच जीभ. इथं तिचं कौतुक करायचं का?

मराठवाड्यात तर 'नामांतर' हा शब्द हसण्यावारी नेताच येत नाही. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा विधिमंडळाचा ठराव 1978 चा. नाव लागलं 14 जानेवारी 1994 ला, तेही 'नामविस्तार' अशी तडजोड करून. मधल्या काळात दलितांची घरं जळली, माणसं गेली. कोल्हासुराचा अर्ज जागेवर मंजूर झाला होता, आठवतंय ना?

मग नाव टिकतं कशानं? नियम सापडत नाही. कुलाबा जिल्ह्याचा 1981 मध्ये रायगड झाला. आज पन्नाशीच्या आतल्या कुणाला कुलाबा जिल्हा म्हणून बघा, तो तुम्हाला मुंबईच्या दक्षिण टोकाला नेऊन सोडेल. नाव इतकं बसलं की जुनं पुसलं गेलं. उलट अंबाजोगाईचं निजामाच्या राजवटीत मोमिनाबाद झालं होतं, ते आता फक्त जुन्या दस्तांत उरलं आहे.

रायरीचा रायगड महाराजांनी केला म्हणून टिकला, असं म्हणायचा मोह होतो. मग तोरण्याचं काय? तोरण्याचं नाव महाराजांनी प्रचंडगड ठेवलं होतं. 1704 मध्ये औरंगजेबानं तो लढून घेतला आणि त्याचं फुतुहुल्गैब केलं. बादशहाचं नाव लोकांनी टाकलं, हे समजू शकतं. महाराजांनी ठेवलेलं नावही लोकांनी बाजूला ठेवलं, आणि त्यावरून आजवर कुणाच्या भावना दुखावल्या नाहीत.

तोरणा ज्या वेल्हे तालुक्यात आहे त्या तालुक्याचं नाव आता राजगड झालं आहे. तेव्हा प्रचंडगड बघायचा असेल तर राजगड तालुक्यात जा, वेल्हे बुद्रुकला उतरा आणि भेटेल त्याला तोरण्याची वाट विचारा. कुणीही दाखवेल.